फेराइटमध्ये आयन बदलताना: आधी जागा ओळखा, मग चुंबकत्व मोजा

फेराइट म्हणजे लोह आणि दुसऱ्या धातूंची चुंबकीय ऑक्साइडं. निकेल फेराइटमध्ये थोडं झिंक घातलं की त्याचं चुंबकन वाढतं. झिंकच्या आयनाचं स्वतःचं चुंबकीय आघूर्ण, म्हणजे त्या इवल्या चुंबकाची ताकद, मात्र शून्य आहे. उलट गॅडोलिनियमच्या आयनाचं आघूर्ण ७ बोहर मॅग्नेटॉन (हे अणूंच्या आघूर्णाचं एकक), आणि तो घातला की चुंबकन बहुतेक वेळा घटतं. फेराइटवर काम सुरू करणाऱ्याने या दोन गोष्टी पहिल्याच दिवशी वहीत लिहून ठेवाव्यात. घातलेला आयन स्वतः किती चुंबकीय आहे, यापेक्षा तो स्फटिकात कुठे जाऊन बसतो आणि तिथून कोणाला उठवतो, यावर सगळं ठरतं. पुढच्या सगळ्या पायऱ्या याच क्रमाने मांडल्या आहेत: आधी जागा, मग बेरीज, मग नमुना, आणि मोजमाप सगळ्यात शेवटी.

हा लेख एम.एस्सी.च्या प्रकल्पासाठी किंवा संशोधनाच्या पहिल्या वर्षात फेराइट हातात घेणाऱ्यांसाठी आहे. भर स्पिनेल फेराइटवर आहे, कारण शिकायला तेच सर्वांत चांगलं. षट्कोनी फेराइटचा विषय शेवटाकडे थोडक्यात येईल.

पायरी १: ए आणि बी जागा पक्क्या करा

स्पिनेल फेराइटमध्ये ऑक्सिजनचे आयन घट्ट रचलेले असतात आणि धातूचे आयन त्यांच्यामधल्या पोकळ्यांत बसतात. एका एकक कोष्ठात ३२ ऑक्सिजन असतात, म्हणजे सूत्राचे ८ संच. चार ऑक्सिजननी वेढलेल्या चतुष्फलकी पोकळ्या ६४ असतात, त्यांतल्या फक्त ८ भरतात. यांना ए जागा म्हणायचं. सहा ऑक्सिजननी वेढलेल्या अष्टफलकी पोकळ्या ३२, त्यांतल्या १६ भरतात. या बी जागा. म्हणजे एका सूत्रामागे एक ए आणि दोन बी.

ए जागेवरच्या आणि बी जागेवरच्या आयनांची आघूर्णं एकमेकांच्या विरुद्ध दिशेला असतात. त्यांच्यातला दुवा मधला ऑक्सिजन जोडतो. ए–ऑक्सिजन–बी हा कोन साधारण १२५ अंशांचा, म्हणून ही आंतरक्रिया सर्वांत बळकट. बी–ऑक्सिजन–बी कोन ९० अंशांच्या आसपास, ती बरीच कमकुवत. ए–ए तर त्याहूनही क्षीण. लुई नील यांनी १९४८ मध्ये हे चित्र मांडलं, त्याला फेरीचुंबकत्व हे नाव दिलं, आणि १९७० मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक मिळालं. बाहेर दिसणारं चुंबकन म्हणजे बीची बेरीज वजा एची बेरीज. एवढंच सूत्र आहे, पण ते नीट वापरायला वेळ लागतो.

रस्सीखेचीत दोन्ही बाजूंना माणसं ओढत असतात आणि दोर जिंकणाऱ्या बाजूला सरकतो. हरणाऱ्या बाजूचा एक माणूस काढला, तर कोणाचीही ताकद न वाढता दोर आणखी जोरात सरकतो. झिंक नेमकं हेच करतं: ते ए जागेवर बसतं आणि तिथल्या लोहाला हटवतं.

पायरी २: कोण कुठे बसतं, ते पाठ करा

ही यादी खरंच पाठ असावी. झिंक आणि कॅडमियम ए जागा पसंत करतात. निकेल आणि क्रोमियम बी जागा सोडायला जवळजवळ तयार नसतात. त्यांच्या डी-इलेक्ट्रॉनांना अष्टफलकी क्षेत्रात मिळणारी स्थिरता मोठी असते. कोबाल्ट बहुतांशी बी जागेवर, पण थोडा ए जागेवरही सापडतो. तांबं बहुतेक बी जागेवर, आणि त्याच्या यान-टेलर परिणामामुळे (आयनाभोवतीची ऑक्सिजनची चौकट ताणली जाते) सावकाश थंड केलेलं कॉपर फेराइट घनाकृती न राहता चतुष्कोणी होतं. ॲल्युमिनियम मुख्यतः बी, काही भाग ए. मँगनीजचा सुमारे ८० टक्के भाग ए जागेवर जातो. लिथियम आणि टायटॅनियम बी. त्रिसंयुजी लोहाला पाच डी-इलेक्ट्रॉन असल्याने कसलीच ठाम आवड नाही, त्यामुळे बाकीचे जिथे बसू देतील तिथे ते बसतं.

आता आघूर्णं, बोहर मॅग्नेटॉनमध्ये: त्रिसंयुजी लोह ५, द्विसंयुजी मँगनीज ५, द्विसंयुजी लोह ४, कोबाल्ट ३, निकेल २, तांबं १, क्रोमियम ३. झिंक, मॅग्नेशियम, ॲल्युमिनियम, गॅलियम, इंडियम, लिथियम: सगळे शून्य.

तिसरी गोष्ट आकार. अष्टफलकी जागेतल्या त्रिसंयुजी लोहाची त्रिज्या ०.६४५ अँगस्ट्रॉम. क्रोमियम ०.६१५, म्हणजे सहज सामावतो. ॲल्युमिनियम ०.५३५, जाळी आक्रसते. गॅडोलिनियम ०.९३८. एवढा मोठा आयन त्या जागेत फारसा मावत नाही, हे आकड्यांवरूनच दिसतं.

चौथी गोष्ट विद्युतभार. त्रिसंयुजी लोहाच्या जागी ॲल्युमिनियम घातलं तर हिशेब आपोआप जुळतो. चतुःसंयुजी टायटॅनियम घालायचं असेल तर सोबत एक द्विसंयुजी आयन घालून दोन लोह काढावे लागतात. तसं केलं नाही तर काही लोह द्विसंयुजी होतं, त्याच्यात आणि त्रिसंयुजी लोहात इलेक्ट्रॉन उड्या मारू लागतात आणि रोधकता कोसळते. मग तुम्ही चुंबकीय गुणधर्मावर टायटॅनियमचा परिणाम मोजताय की द्विसंयुजी लोहाचा, हे सांगता येत नाही.

पायरी ३: नमुना बनवण्याआधी कागदावर बेरीज करा

ही पायरी टाळली की नंतरचे सगळे आलेख नुसतीच चित्रं उरतात, म्हणून इथे थोडं थांबतो.

निकेल फेराइट घ्या. ते व्यस्त स्पिनेल: एवर एक लोह (५), बीवर एक निकेल (२) आणि एक लोह (५). बी वजा ए म्हणजे ७ − ५ = २. आता निकेलच्या क्ष भागाऐवजी झिंक घाला. झिंक एवर जातं, तिथलं तेवढं लोह बीकडे सरकतं. ए: ५(१ − क्ष). बी: २(१ − क्ष) + ५(१ + क्ष). वजाबाकी केली की उरतं २ + ८क्ष. म्हणजे क्ष ०.२ असताना ३.६, ०.५ असताना ६, आणि १ असताना १०.

शेवटचा आकडा अशक्य आहे, आणि तो का अशक्य आहे हे समजणं फार मोलाचं. क्ष १ झालं की ए जागेवर चुंबकीय आयनच उरत नाही. एविना ए–बी आंतरक्रिया नाही, आणि तीच तर बीच्या सगळ्या आघूर्णांना एका रांगेत धरून ठेवत होती. मोठ्या कणांचं शुद्ध झिंक फेराइट खोलीच्या तापमानाला पराचुंबकीय (आघूर्णं विस्कळीत) असतं आणि सुमारे १० केल्व्हिनच्या खाली प्रतिलोहचुंबकीय (आघूर्णं एकमेकांना पूर्ण खोडणारं) होतं. या दोन टोकांच्या मधे कुठेतरी वाढ थांबून घट सुरू होते. झिंकचं प्रमाण वाढत गेलं की बीवरची आघूर्णं परस्परांशी कोन करू लागतात, सरळ रांग मोडते. १९५२ मध्ये याफेट आणि किटेल यांनी ही तिरपी मांडणी सांगितली. निकेल-झिंक मालिकेत चुंबकनाचं शिखर साधारण ०.३ ते ०.५ च्या दरम्यान मिळतं, ते यामुळे.

आणखी एक कारण आहे, आणि नवे विद्यार्थी ते हमखास विसरतात. नीलची बेरीज निरपेक्ष शून्य तापमानाची आहे. तुमचं मोजमाप खोलीच्या तापमानाला होतं. निकेल फेराइटचं क्युरी तापमान, म्हणजे ज्याच्यावर आघूर्णांची रांग मोडते ते तापमान, ५८५ अंश सेल्सिअस. झिंक वाढवलं की ए–बी दुवे कमी होतात आणि क्युरी तापमान सतत खाली येतं. झिंक खूप झालं की ते खोलीच्या तापमानाजवळ पोहोचतं. त्या नमुन्यात आघूर्णं उष्णतेनेच विस्कटलेली असतात. म्हणून झिंकबहुल नमुन्याचं कमी चुंबकन पाहिलं की लगेच ‘याफेट-किटेल कोन’ असं लिहू नका. कमी तापमानाचं मोजमाप हाताशी नसेल तर दोन्ही कारणं नोंदवा.

आता उलट दिशेचं उदाहरण. निकेल फेराइटमध्ये लोहाच्या क्ष भागाऐवजी ॲल्युमिनियम घाला आणि ते सगळं बीवर गेलं असं धरा. बेरीज २ − ५क्ष. क्ष ०.४ ला शून्य! प्रत्यक्षात ॲल्युमिनियमचा काही भाग एवर जातो, म्हणून शून्य थोडं पुढे ढकललं जातं. पण ए आणि बी एकमेकांना तंतोतंत खोडून काढतात असं मिश्रण या मालिकेत खरोखर येतं. ॲल्युमिनियमऐवजी क्रोमियम घातलं तर बेरीज २ − २क्ष, कारण क्रोमियमचे स्वतःचे ३ आहेत. घट आहे, पण सौम्य.

आणि मला सर्वांत आवडणारं उदाहरण मॅग्नेशियम फेराइटचं. मॅग्नेशियम पूर्णपणे बीवर असतं तर दोन्हीकडे एकेक लोह उरलं असतं आणि बेरीज शून्य आली असती. मोजल्यावर मात्र सुमारे १.१ बोहर मॅग्नेटॉन मिळतात. मॅग्नेशियमचा डेल्टा भाग एवर आहे असं मानलं तर बेरीज १० डेल्टा येते. म्हणजे डेल्टा ०.११. चुंबकनाच्या एका आकड्यावरून आयनांची वाटणी कळली. हीच वाटणी नमुना भट्टीतून झटक्यात थंड केला की वेगळी येते आणि सावकाश थंड केला की वेगळी. म्हणून थंड करण्याचा वेग वहीत लिहायचाच. मँगनीज फेराइटमध्ये ही युक्ती चालत नाही: मँगनीज आणि लोह दोघांचेही ५, कसेही वाटा, बेरीज ५ च.

पायरी ४: मालिका ठरवा

पहिल्या कामासाठी निकेल-झिंक किंवा कोबाल्ट-झिंक निवडा. दोन्हींत वाटणी बऱ्यापैकी ठरलेली आहे, परिणाम ठळक दिसतो, आणि ती हवेत भाजता येतात. मँगनीज-झिंक मोहक वाटतं, पण त्याला थंड होताना ऑक्सिजनचं प्रमाण काटेकोर सांभाळावं लागतं. नाहीतर मँगनीजची संयुजा बदलते आणि हेमटाइट (साधं फेरिक ऑक्साइड) वेगळं पडतं. सुरुवातीला ते नको.

क्षची मूल्यं ०, ०.२, ०.४, ०.६, ०.८, १ अशी घ्या. शिखराजवळ, म्हणजे ०.३ आणि ०.५ वरही, एकेक नमुना घातलात तर आलेख बोलका होतो. संपूर्ण मालिकेला भाजण्याचं तापमान, वेळ आणि थंड होण्याचा वेग एकच ठेवा. एकेका नमुन्याला ‘त्याला सोसेल तसं’ तापमान देण्याचा मोह होतो; तसं केलं की घटकांचा परिणाम आणि कणांच्या आकाराचा परिणाम एकमेकांत मिसळतो आणि मग कोणत्याही सॉफ्टवेअरने तो वेगळा होत नाही.

पायरी ५: वजन करा, बनवा

जुनी आणि भरवशाची पद्धत सिरॅमिक पद्धत. निकेल ०.५ झिंक ०.५ फेराइटचा दशांश मोल हवा असेल तर निकेल ऑक्साइड ३.७३ ग्रॅम, झिंक ऑक्साइड ४.०७ ग्रॅम आणि फेरिक ऑक्साइड १५.९७ ग्रॅम. बेरीज २३.७७ ग्रॅम, आणि तेवढंच फेराइट मिळायला हवं, कारण या अभिक्रियेत काहीच उडून जात नाही. ही ताळ्याची साधी कसोटी प्रत्येक मिश्रणासाठी करा. अगेटच्या खलात काही तास खला, ९०० अंशांच्या आसपास पहिलं भाजणं, परत खलणं, बाईंडर घालून पेलेट (दाबलेली टिकली), आणि मग ११५० ते १२५० अंशांवर सिंटरिंग, म्हणजे कण एकमेकांना घट्ट जुळेपर्यंत भाजणं.

उच्च तापमानाला झिंक उडतं. झाकण नसलेल्या मुशीत भाजलेल्या पेलेटचा पृष्ठभाग आतल्या भागापेक्षा झिंकने गरीब असतो. त्यासाठी पेलेट त्याच मिश्रणाच्या भुकटीत पुरून, झाकण लावून भाजतात. पोलादी गोळ्यांच्या मिलमध्ये दळलं तर गोळ्यांचं लोह मिश्रणात उतरतं. सूत्रात लोह २ लिहिलेलं असतं, प्रत्यक्षात जास्त असतं. मोठ्या प्रमाणावर फेराइट बनवणारे हे लोह आधीच हिशेबात धरतात.

नॅनोकण हवे असतील तर सोल-जेल स्वयंज्वलन. त्याच मिश्रणाच्या ०.०२ मोलसाठी निकेल नायट्रेट षट्जलीय २.९१ ग्रॅम, झिंक नायट्रेट षट्जलीय २.९७ ग्रॅम, फेरिक नायट्रेट नवजलीय १६.१६ ग्रॅम आणि सायट्रिक आम्ल एकजलीय १२.६१ ग्रॅम, म्हणजे धातू आणि आम्ल मोलमध्ये समसमान. ऊर्ध्वपातित पाण्यात विरघळवा, अमोनियाने पीएच ७ वर आणा, ८० अंशांवर ढवळत ठेवा. काही तासांनी द्रावण मधासारखं घट्ट होतं आणि चुंबकीय ढवळणी अडखळू लागते. ती तेव्हाच काढून घ्या. तापमान वाढवलं की जेल फुगतं, फसफसतं, एका कडेला ठिणगी पडते आणि लालसर रेघ जेलमधून सरकत जाते. मागे राहते ती पिसासारखी हलकी काळपट राख, मूळ जेलच्या कितीतरी पट फुगलेली. तिचे तुकडे उडतात, म्हणून बीकर मोठा घ्या. सोबत तपकिरी नायट्रोजन डायऑक्साइड निघतो. हे काम फ्यूम हूडमध्येच करायचं. निकेल आणि कोबाल्टच्या संयुगांची भुकटी श्वासातून जाणं घातक आहे, कर्करोगकारक आहे. मास्क आणि हातमोजे प्रत्येक वेळी.

फेरिक नायट्रेट हवेतलं पाणी पटकन ओढून घेतं. बाटली उघडी राहिली की तेवढ्याच वजनात लोह कमी भरतं. नवी बाटली, घट्ट झाकण आणि झटपट वजन एवढी काळजी घेतलीत तर पुढचे कितीतरी घोळ टळतात.

पायरी ६: एक्सआरडी (क्ष-किरण विवर्तन) वाचा, घाई न करता

तांब्याच्या के-अल्फा किरणांनी, तरंगलांबी १.५४०६ अँगस्ट्रॉम, स्पिनेलची मुख्य शिखरं दोन थीटाच्या ३०, ३५.५, ४३, ५३.५, ५७ आणि ६२.७ अंशांच्या जवळपास दिसतात: अनुक्रमे २२०, ३११, ४००, ४२२, ५११ आणि ४४० प्रतलं. सर्वांत उंच ३११. त्याच्या डावीकडे ३३.२ अंशांपाशी छोटा उंचवटा आहे का, ते आलेख मोठा करून पाहा. ते हेमटाइट आहे. एवढासा उंचवटा ‘नॉइज’ म्हणून सोडला, तर चुंबकनातली घट आयनबदलामुळे आली असं चुकीचं निदान होतं. खरं तर तेवढा भाग फेराइट झालेलाच नसतो.

मग जाळीचा प्राचल, म्हणजे एकक कोष्ठाच्या कडेची लांबी, काढा. निकेल फेराइटचा ८.३४ अँगस्ट्रॉम, झिंक फेराइटचा ८.४४. या आकड्यांवरून ३११ शिखर निकेलकडे ३५.६८ अंशांवर आणि झिंककडे ३५.२४ अंशांवर यायला हवं. संपूर्ण मालिकेत फक्त ०.४४ अंशांचा फरक! नमुना धारकात थोडा खालीवर बसला तरी एवढ्याच पल्ल्याची चूक होऊ शकते. म्हणून एकाच शिखरावर विसंबू नका. सगळी शिखरं घ्या, जमल्यास सिलिकॉन प्रमाण म्हणून मिसळा. प्राचल क्षबरोबर सरळ रेषेत वाढला तर वेगार्डचा नियम पाळला गेला आणि झिंक खरोखर जाळीत शिरलं. रेषा मधेच आडवी झाली तर तिथून पुढे आयन जाळीबाहेर राहतोय.

दुर्मिळ मृदांच्या बाबतीत असंच होतं. गॅडोलिनियम किंवा लँथॅनम थोडं घातलं की प्राचल बदलतो, मग थांबतो, आणि ३२ ते ३३ अंशांच्या पट्ट्यात ऑर्थोफेराइटची (स्पिनेलहून वेगळ्या रचनेच्या लोह-ऑक्साइडाची) शिखरं उगवतात. क्ष ०.१ ला पोहोचण्याआधीच अनेकदा हे दिसतं. गॅडोलिनियमच्या ७ बोहर मॅग्नेटॉनचा फायदा का होत नाही, त्याचं दुसरं कारण असं की त्याच्या ४एफ इलेक्ट्रॉनांचा लोहाशी दुवा क्षीण आहे. खोलीच्या तापमानाला त्याचं आघूर्ण जवळजवळ विस्कटलेलंच असतं. म्हणजे बीवरून ५ चा लोह गेला आणि त्या जागी कामाचं जवळपास काहीच आलं नाही.

एक्सआरडीवरून आयनांची वाटणी काढायला २२० शिखर उपयोगी, कारण ते ए जागेवरच्या आयनांवर अवलंबून असतं, आणि २२२ बी जागेवर. पण निकेल, झिंक आणि लोह क्ष-किरणांना जवळजवळ सारखेच दिसतात, तेव्हा तीव्रतेच्या गुणोत्तरावरून दशांश-शतांशापर्यंत वाटणी सांगणं मला पटत नाही. मॉसबाउअर वर्णपट किंवा न्यूट्रॉन विवर्तन मिळालं तर सोडू नका. मॉसबाउअरमध्ये ए आणि बीवरच्या लोहाचे दोन षट्क (सहा-सहा रेषांचे गट) वेगळे दिसतात, आणि त्यांच्या क्षेत्रफळांवरून लोह कुठे किती आहे ते कळतं.

क्ष-किरण घनता काढायला ८ × रेणुभार ÷ (ॲव्होगाड्रो अंक × प्राचलाचा घन). आपल्या अर्ध्या-अर्ध्या मिश्रणासाठी रेणुभार २३७.७ आणि प्राचल ८.३९ धरला तर ५.३५ ग्रॅम प्रति घन सेंटीमीटर. पेलेटची खरी घनता याच्या ९० टक्क्यांखाली असेल तर क्षेत्राला मिळणारा चुंबकीय प्रतिसाद दाखवणाऱ्या परमिअ‍ॅबिलिटीच्या आकड्यांवर भाष्य करण्यापूर्वी सच्छिद्रतेचा विचार करा.

इन्फ्रारेडमध्ये ६०० आणि ४०० प्रति सेंटीमीटरच्या आसपास दोन पट्टे दिसतात, पहिला ए आणि दुसरा बी जागेचा. स्पिनेल बनल्याची पूरक खूण म्हणून ठीक. त्याहून जास्त भार त्यांच्यावर टाकू नका.

पायरी ७: व्हीएसएमचा लूप

व्हीएसएम म्हणजे कंप पावणाऱ्या नमुन्याचं चुंबकन मोजणारं उपकरण, आणि क्षेत्र वाढवत-घटवत मिळणारा बंद वक्र म्हणजे लूप. नमुना स्टीलच्या चमच्याने उचलू नका, प्लास्टिकचा वापरा. भुकटी धारकात घट्ट बसवा, नाहीतर कण क्षेत्रात वळतात. वजन मिलिग्रॅमच्या दशांशापर्यंत घ्या, कारण शेवटचा आकडा त्यानेच भागायचा आहे.

लूप आला की आधी टोकं पाहा. मोठ्या क्षेत्राला वक्र आडवा झालाय की अजून चढतोय? चढत असेल तर शेवटच्या बिंदूला संपृक्त चुंबकन म्हणू नका. किती क्षेत्राला मोजलं ते लिहा किंवा संपृक्ततेकडे जाण्याच्या नियमाने बहिर्वेशन करा. मग प्रति सूत्र बोहर मॅग्नेटॉन काढा: रेणुभार × संपृक्त चुंबकन ÷ ५५८५. निकेल फेराइटचा रेणुभार २३४.४ आणि चुंबकन ५० ईएमयू प्रति ग्रॅम धरलं तर २.१ येतात. पायरी ३ मधल्या २ च्या शेजारी तो आकडा ठेवा, आणि प्रत्येक क्षसाठी असंच करा. गणिताची सरळ रेषा आणि मोजमापाचा वाकणारा वक्र एकाच आलेखावर काढलात की ते कुठे फुटतात तिथे तुमचं खरं संशोधन सुरू होतं.

नॅनोकणांत आकडे सहसा कमी येतात. पृष्ठभागावरच्या आयनांचे काही शेजारी तुटलेले असतात, तिथली आघूर्णं तिरपी राहतात, आणि कण जितका लहान तितका पृष्ठभागाचा वाटा मोठा. झिंक फेराइटमध्ये मात्र उलटं होतं: नॅनो आकारात थोडं झिंक बीवर आणि लोह एवर अडकतं, ए–बी दुवा जिवंत होतो आणि जो पदार्थ खोलीच्या तापमानाला फेरीचुंबकीय नसायला हवा त्यात चुंबकन दिसतं. त्यामुळे क्ष १ चा नमुना लूप दाखवतोय म्हणून तो फेकू नका; आधी कणांचा आकार बघा.

कोअर्सिव्हिटीला (चुंबकन शून्यावर आणायला लागणारं उलटं क्षेत्र) वाटणीइतकीच विषमदिशतेची (चुंबकनाला स्फटिकातली ठरावीक दिशा किती आवडते त्याची) भाषा लागते. कोबाल्टच्या आयनाचं कक्षीय आघूर्ण बी जागेवर पूर्ण विझत नाही, म्हणून कोबाल्ट फेराइटची विषमदिशता इतर स्पिनेल फेराइटपेक्षा खूपच मोठी आणि चिन्हाने धन. बाकी बहुतेकांची ऋण. त्यामुळे निकेल-झिंक किंवा मँगनीज-झिंक फेराइटमध्ये कोबाल्टचा अगदी लहानसा अंश घातला की दोन्ही एकमेकांना खोडतात आणि परमिअ‍ॅबिलिटीचं तापमानावरचं अवलंबन बदलतं. जास्त घातलं की पदार्थ कठीण चुंबकाकडे झुकतो. कोबाल्ट फेराइटमध्ये झिंक घातलं की कोअर्सिव्हिटी झपाट्याने घटते, कारण विषमदिशतेचा मालकच कमी होतो. पण कोअर्सिव्हिटी कणाच्या आकारावरही अवलंबून असते: एकक्षेत्री आकाराजवळ, म्हणजे जिथे अख्खा कण एकाच दिशेने चुंबकित असतो तिथे, ती शिखरावर असते, त्याहून मोठ्या किंवा लहान कणांत घटते. म्हणून तिचा आलेख क्षसोबत काढताना त्याच पानावर कणाचा आकारही काढा.

रोहित्राच्या किंवा इंडक्टरच्या गाभ्यासाठी काम असेल तर प्रारंभिक परमिअ‍ॅबिलिटी पाहावी लागते. ती संपृक्त चुंबकनाच्या वर्गाबरोबर आणि कणाच्या आकाराबरोबर वाढते, विषमदिशतेबरोबर घटते. झिंक तिन्ही बाजूंनी मदत करतं, पण किंमत दोन ठिकाणी चुकवावी लागते: क्युरी तापमान उतरतं, आणि परमिअ‍ॅबिलिटी जितकी जास्त तितक्या कमी वारंवारतेला ती कोसळते. या दुसऱ्या मर्यादेला स्नूक यांचं नाव आहे.

षट्कोनी फेराइटकडे वळताना

बेरियम फेराइटमध्ये लोहाच्या जागा दोन नाहीत, पाच आहेत. एका सूत्रातले १२ लोह त्यांत वाटलेले असतात. ८ एका दिशेला, ४ विरुद्ध. फरक ४ चा, म्हणजे २० बोहर मॅग्नेटॉन. विचार करण्याची रीत तीच, फक्त प्रत्येक आयनासाठी पाच जागांपैकी कोणती हे विचारायचं. दोन लोहांऐवजी एक कोबाल्ट आणि एक टायटॅनियम घातलं की विषमदिशता आणि कोअर्सिव्हिटी खाली येते. चुंबकीय ध्वनिमुद्रण आणि सूक्ष्मतरंगांच्या उपयोगासाठी हा बदल खूप अभ्यासला गेला. ॲल्युमिनियम घातलं की चुंबकन घटतं पण कोअर्सिव्हिटी वाढते. स्ट्रॉन्शियम फेराइटमध्ये लँथॅनम आणि कोबाल्ट जोडीने घालून कायमचुंबक अधिक कणखर करतात. लँथॅनम स्ट्रॉन्शियमची जागा घेतो, कोबाल्ट लोहाची, आणि भाराचा हिशेब जुळतो.

निकाल लिहिताना प्रत्येक नमुन्यापुढे हे रकाने ठेवा: क्ष, भाजण्याचं तापमान आणि वेळ, थंड करण्याची रीत, जाळीचा प्राचल, कणाचा आकार, गृहीत धरलेली आयनांची वाटणी आणि ती कशावरून धरली, मोजमापाचं तापमान, कमाल क्षेत्र, संपृक्त चुंबकन, कोअर्सिव्हिटी, मोजलेले आणि गणिताने आलेले बोहर मॅग्नेटॉन. शेवटच्या दोन रकान्यांत अंतर पडलं तर ते लपवायला वाटणी फिरवू नका. त्या क्षचा नमुना पुन्हा बनवा, त्याच भट्टीत, त्याच वेगाने थंड करून, आणि लूप परत घ्या.